दोन विहिणी आणि बेकरीची होडी

ठरलं होतं चौघांचं. मुलगा, सून, मुलाची आई आणि सुनेची आई. आपल्याच राज्यातलं ते समुद्राकाठचं शहर साऱ्या जगाने पाहिलं आणि आपलंच तेवढं राहून गेलं, तेव्हा या शनिवारी सकाळी निघायचं आणि दोन दिवस मनसोक्त भटकून यायचं. दोन्ही आया बस स्टँडवर वेळेच्या आधीच येऊन बसल्या होत्या. बस लागली आणि नेमका तेव्हाच सुनेचा फोन आला.

"आई, घोटाळा झालाय. स्वयंपाकघरातला पाइप फुटला. घरभर पाणी झालंय आणि आता खालच्यांच्या छतातून गळायला लागलंय. आम्ही काही येऊ शकत नाही. तुम्ही दोघी जा."

"आम्ही दोघीच?" सुनेची आई म्हणाली, आणि पलीकडच्या बाकावर डुलक्या घेणारा एक गृहस्थ दचकून उठून बसला.

तिचा आवाजच तसा होता. शाळेत जन्मभर तिने मुलांना कवायत शिकवली होती. मैदानाच्या या टोकाला ती 'सावधान' म्हणाली की त्या टोकाची पोरं काठीसारखी ताठ व्हायची. मुलं तिला कवायतबाई म्हणायची, आपणही बाईच म्हणू. निवृत्त झाल्यापासून घरातले सगळे तिला "आई, हळू" एवढंच सांगत असायचे.

मुलाच्या आईचं अगदी उलट. सारी गल्ली तिला काकू म्हणायची. एका मोठ्या दुकानासाठी ती घरी बसून पडदे शिवायची आणि इतकं हळू बोलायची, की फोनवरचा माणूस "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" म्हणत राहायचा. कुणी काही विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, "चालेल की."

चार वर्षांपासून दोघी विहिणी होत्या. संबंध फार चांगले होते. इतके चांगले, की एकीला दुसरीसमोर धड खोकतासुद्धा येत नसे. आताही दोघींच्या मनात एकच होतं, की गुपचूप घरी परतावं. पण पहिल्यांदा म्हणणार कोण? जी म्हणेल तिला दुसरीची संगत नको असा अर्थ व्हायचा.

"मग काय, जाऊ या ना?" बाई म्हणाली.

"चालेल की," काकू म्हणाली.

बसमध्ये खिडकीवरून सुरू झालं. "तुम्ही बसा विहीणबाई." "छे छे, खिडकी तुमची." "अहो, मला वारा लागतो." "मला ऊन लागतं." शेवटी कंडक्टर म्हणाला, "दोघींपैकी कुणीतरी बसा, नाहीतर मी बसतो."

लॉजवरची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. एक मोठा पलंग, एक हलणारी खुर्ची, आणि खिडकीतून समोरच्या दोन इमारतींच्या फटीत समुद्राची एक उभी निळी पट्टी. दोघींनी पिशव्या ठेवल्या आणि त्या पट्टीकडे बघत उभ्या राहिल्या.

"काय बघायचं मग?"

"तुम्ही म्हणाल ते."

"माझं काही नाही हो. तुम्ही सांगा."

"तुम्हाला आवडेल ते मला चालेल की."

असं बराच वेळ झाल्यावर दोघी खाली गेल्या आणि लॉजच्या मॅनेजरलाच विचारलं. त्याने हिशेबातून मान वर न करता सांगितलं, "शंख-शिंपल्यांचं संग्रहालय आहे. सगळे जातात."

मग त्या तिथे गेल्या. संग्रहालय म्हणजे लांबच लांब खोल्या, काचेची कपाटं आणि प्रत्येक शिंपल्याखाली चिकटवलेली बारीक अक्षरातली चिठ्ठी. बाईला वाटलं, काकूंना हे फार आवडलेलं दिसतंय, म्हणून ती प्रत्येक चिठ्ठी वाचू लागली. ती वाचतेय हे बघून काकूही वाचू लागली. एक थांबली की दुसरी थांबायची. बाहेर पडल्या तेव्हा दुपार कलली होती, आणि दोघींच्या पायांचे तुकडे पडले होते.

"छान होतं," बाई म्हणाली.

"फारच छान," काकू म्हणाली.

समुद्राच्या कडेकडेने दगडी कठडा होता. त्याच्या बाजूने दोघी चालत राहिल्या. भरतीची वेळ होती हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. कठड्यापलीकडे काहीतरी धप्पकन आपटलं, पांढरं पाणी उंच उडालं आणि सगळंच्या सगळं या दोघींवर कोसळलं. डोक्यापासून चपलांपर्यंत दोघी निथळत उभ्या राहिल्या. बाईच्या चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. काकूच्या अंबाड्यातून हिरवं शेवाळ लोंबत होतं.

पहिल्यांदा कंठ फुटला तो बाईला. "विहीणबाई, एक सांगू? मला त्या शिंपल्यांचा वीट आला होता."

काकूचे ओठ थरथरले. बाईला वाटलं, आता या रडणार. पण काकू हसायला लागली. सुरुवातीला आवाज न करता, नुसते खांदे हलवत, आणि मग चांगली पोट धरून. "मला तर तिसऱ्या कपाटापासूनच! पण तुम्ही इतक्या मन लावून वाचत होता..."

"मी तुमच्यासाठी वाचत होते!"

"आणि मी तुमच्यासाठी!"

दोघी तशाच ओल्या कठड्यावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. फिरायला आलेली माणसं त्यांना वळसा घालून जात होती.

"आता खरं बोला," बाई म्हणाली. "तुम्हाला काय बघायचं होतं?"

काकू जरा लाजली. "हसाल तुम्ही. गोदीजवळ म्हणे अजून हाताने शिडं शिवतात. जन्मभर पडदे शिवले मी. म्हटलं, एवढा मोठा पडदा शिवतात तरी कसा, ते बघावं."

"मग सकाळीच का नाही बोललात?"

"तुम्हाला कंटाळा येईल म्हणून."

"येईलच! मी बाहेर बसेन. तुम्ही बघा हवं तितकं. तुमचं झालं की माझं."

"तुम्हाला काय बघायचंय?"

"ते अजून ठरायचंय."

कपडे बदलून दोघी गोदीवर गेल्या. शिडांचा कारखाना म्हणजे एक उंच पत्र्याची शेड होती. सगळ्या जमिनीवर जाड पांढरं कापड पसरलेलं आणि त्यावर अनवाणी बसून एक म्हातारे कारागीर दाभणाने टाके घालत होते. काकूने चपला दाराशी काढल्या, वाकून कापडाची दुहेरी शिवण बोटांनी चाचपली आणि विचारलं, "ही कड आत दुमडून घेता की वरून पट्टी लावता?" म्हातारबुवांनी वर पाहिलं, थोडं सरकून जागा केली आणि दाभण तिच्या हातात दिलं. मग काकूला जगाचा विसर पडला.

कबूल केल्याप्रमाणे बाईला कंटाळा आला. ती बाहेर धक्क्यावर जाऊन बसली.

समोर पाण्यात एक लांब, अरुंद होडी चालली होती. चालली होती म्हणजे नुसतीच वळवळत होती. सहा जण वल्हवत होते आणि सहाही जण आपापल्या मर्जीने. एकाचं वल्हं वर जायचं तेव्हा दुसऱ्याचं पाण्यात. दोघांची वल्ही एकमेकांवर आपटायची आणि भांडण व्हायचं. होडीच्या मागच्या टोकाला गळ्यात मफलर गुंडाळलेला एक माणूस बसला होता. तो तोंड उघडत होता, हात नाचवत होता, पण त्याच्या गळ्यातून आवाज म्हणून येत नव्हता.

बाईने थोडा वेळ सहन केलं. तिने मान फिरवून दुसरीकडे बघितलं. पुन्हा इकडे बघितलं. मग मात्र तिच्याने राहवेना. ती उठून उभी राहिली.

"सावधान!"

धक्क्यावरचे पक्षी उडाले. एका जहाजावर रंग लावणाऱ्या माणसाच्या हातातला ब्रश पाण्यात पडला. होडीतले सहाही जण ताठ बसले.

"सगळ्यांनी वल्हं पुढे! मी एक म्हटलं की पाण्यात, दोन म्हटलं की बाहेर! ए निळ्या शर्टवाल्या, तिकडे काय बघतोस? एक! दोन! एक! दोन!"

आणि होडी सरळ रेषेत धावायला लागली. धावता धावता ती धक्क्याच्या खांबाच्या दिशेने निघाली, तेव्हा बाई ओरडली, "थांब!" वीस-पंचवीस वर्षांपूर्वी शाळेतल्या पोरांनी थांबावं तसे सगळे जागच्या जागी थांबले. होडी मात्र थांबली नाही, कारण होडी काही शाळेत गेलेली नव्हती. ती खांबावर हलकेच आपटली.

पुढच्या क्षणी होडीतून एक धिप्पाड बाई धक्क्यावर चढून आली. तिचे दंड पिठाने पांढरे होते. "तुम्ही कोण?" तिने विचारलं. "कुठे होतात इतकी वर्षं?"

ती बेकरीची मालकीण होती. मफलरवाला तिचा नवरा. उद्या सकाळी बंदरात शर्यत होती, दरवर्षीची. टपालवाले, दवाखान्यातल्या नर्सेस, गोदीतले रंगारी आणि बेकरीवाले, प्रत्येकाची एक होडी. बेकरीवाले आजवर एकदाही शेवटचा नंबर सोडून वर आले नव्हते, आणि आता तर हाळी देणाऱ्या नवऱ्याचा घसा पार बसला होता.

"उद्या तुम्ही बसा त्याच्या जागी," मालकीण म्हणाली. "नुसतं ओरडायचं आणि सुकाणूची दोरी धरायची. उजवी ओढली की उजवीकडे, डावी ओढली की डावीकडे."

"अहो, मी पाहुणी! दोन दिवसांसाठी आलेय. आणि मी कधी होडीत पाय ठेवलेला नाही. मला पोहताही येत नाही." बाईचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "शिवाय मुलगी काय म्हणेल? या वयात आईला हे काय सुचलं?"

"मुलीला सांगायचं कशाला?" मागून कुणीतरी म्हणालं. काकू शेडच्या दारात उभी होती, बोटात दाभण तसंच. "तुम्हाला काय बघायचंय ते ठरलं नव्हतं ना? मग हे बघा."

"विहीणबाई, बुडाले तर?"

"बुडणार नाही. ते जॅकेट घालतात ना?"

जॅकेट आणलं. ते नवऱ्याच्या मापाचं होतं. काटकुळ्या बाईने ते चढवलं, तर आत आणखी एक विहीण सहज मावली असती. काकूने ते उतरवून घेतलं, उजेडात धरून बघितलं आणि म्हणाली, "दोन्ही बाजूंनी आत घेते. अर्ध्या तासाचं काम." आणि ती पुन्हा शेडमध्ये शिरली. बाईला नाही म्हणायला जागाच उरली नाही. संध्याकाळभर बेकरीची होडी बंदरात एक-दोन, एक-दोन करत फिरत राहिली. अंधार पडायच्या आत खांबावर आपटणं थांबलं होतं, एवढी प्रगती झाली.

रविवारी सकाळी ऊन लख्ख पडलं होतं. धक्क्यावर ही गर्दी. लहान मुलं खांद्यांवर बसलेली, म्हातारे घरून खुर्च्या घेऊन आलेले. बाई होडीच्या टोकाला बसली आणि तिने दोन्ही हातांनी होडीची कड घट्ट धरली. जॅकेट मात्र अंगाला असं बसलं होतं, की जणू मापाने शिवलंय. काकूने वाकून त्याचा पट्टा एकदा ओढून बघितला.

"घट्ट होतंय का?"

"होऊ दे. सुटण्यापेक्षा बरं."

भोंगा वाजला. बाईने "एक!" म्हटलं, आणि त्या आरोळीने शेजारच्या होडीतल्या रंगाऱ्यांनीही वल्हं मारलं. दोन-चार हेलकाव्यांतच तिची भीती कुठल्या कुठे गेली. समोर सहा पाठी नव्हत्या, सहा चेहरे होते, लालबुंद, घामाने निथळणारे, आणि सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. इतकी माणसं आपल्या तोंडाकडे बघताहेत असं तिला कित्येक वर्षांत अनुभवायला मिळालं नव्हतं. "एक! दोन! निळा शर्ट, झोपू नकोस! एक! दोन!"

रंगारी मागे पडले. टपालवाले बरोबरीला आले. नर्सेस खूप पुढे होत्या, त्यांना काही कुणी गाठणार नव्हतं.

अडचण एकच होती. बाईच्या अगदी समोर मालकीण बसली होती, आणि बाकीचे चेहरे तिच्या आजूबाजूने डोकावत असले, तरी होडीच्या पुढचं पाणी काही म्हणजे काही दिसत नव्हतं. पुढचा निम्मा समुद्र तिच्या पाठीमागे झाकला गेला होता. त्या झाकलेल्या निम्म्या समुद्रात एक मोठं लोखंडी पिंप तरंगत होतं, जहाजांना खूण म्हणून बांधलेलं. होडी सरळ त्याच्यावरच निघाली होती.

काकूला ते धक्क्यावरून दिसलं. तिने शेजारच्या माणसाला सांगितलं. त्याने विचारलं, "काय म्हणालात?" तिने पुन्हा सांगितलं, तो म्हणाला, "जरा मोठ्याने बोला." तेव्हा काकू पदर खोचून, गर्दीला ढकलत धक्क्याच्या टोकापर्यंत धावली आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडली,

"अगं ए! डावीकडे! डावी ओढ! अगं, पिंप आहे पुढे, बघ ना जरा!"

हा आवाज कुठून आला हे काकूलाही कळलं नाही. पाण्यावरून तो सरळ गेला. बाईने तो ऐकला, कुणाचा आहे हे तिला क्षणभर उमगलं नाही, पण हाताने डावी दोरी ओढली होती. होडी कलंडल्यासारखी झाली आणि पिंप उजव्या वल्ह्यांना जवळजवळ घासून मागे गेलं. टपालवाले या गडबडीत बघत राहिले आणि त्यांचा ताल चुकला.

"आता ओढा!" बाई गरजली. धक्क्यावर काकू होडीच्या बरोबरीने धावत होती. एक चप्पल कधीच मागे राहिली होती. "ओढ गं, ओढ! सोडू नको त्यांना!"

बेकरीची होडी दुसरी आली.

मालकिणीच्या नवऱ्याने मफलर हवेत फेकला. निळ्या शर्टवाला रडला. पहिल्या आलेल्या नर्सेसनी आपल्या होडीतून टाळ्या वाजवल्या, कारण बेकरीवाले शेवटून पहिले आले नाहीत, असं शहराने पहिल्यांदाच पाहिलं होतं. बाईला हाताला धरून वर काढलं, तेव्हा ती काहीतरी बोलायला गेली आणि तोंडातून फक्त हवा निघाली. आवाज पार गेला होता.

काकू धापा टाकत समोर उभी होती, एका पायात चप्पल, केस सुटलेले. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघी अचानक अवघडल्या.

"मघाशी," काकू म्हणाली, "गडबडीत मी तुम्हाला एकेरीत... चुकून तोंडातून गेलं हो. मनावर घेऊ नका."

बाईने तिला जवळ ओढलं आणि कानात कुजबुजली, "तेच राहू दे. मला आवडलं. मीही तुला 'अगं' म्हणू ना?"

काकूने सुटलेले केस मागे सारले. मग हळूच म्हणाली, "आई गेली, हे गेले. तेव्हापासून मला 'अगं' म्हणणारं कुणी राहिलंच नव्हतं. सगळ्यांची काकू झाले मी." आणि डोळे पुसून हसली. "म्हण की. चालेल की."

"अगं वेडे," बाई बिनआवाजाने म्हणाली, "चप्पल शोध आधी."

दुपारी बेकरीच्या मागच्या अंगणात जेवणं चालली होती. भट्टीतला ताजा पाव, लोणी आणि चहाची मोठी किटली. तेवढ्यात दारात मुलगा आणि सून येऊन उभे राहिले. पाइप दुरुस्त झाला होता, पण कालपासून दोघींपैकी एकीनेही फोन उचलला नव्हता, म्हणून काळजीने पहाटेची बस धरून आले होते. लॉजच्या मॅनेजरने त्यांना धक्क्यावर पाठवलं, धक्क्यावरच्यांनी बेकरीत.

"आई!" सून म्हणाली. "फोन कुठेय तुझा? आणि हे काय घातलंयस?"

बाईने तोंड उघडलं, मिटलं आणि काकूकडे बोट दाखवलं.

"तिचा आवाज बसलाय," काकू खणखणीत म्हणाली. मुलगा आईकडे बघतच राहिला. इतकं स्पष्ट बोलताना त्याने तिला कधी ऐकलं नव्हतं. "फोन खोलीवर आहेत. आम्ही कामात होतो. बसा, पाव खा, मग सांगते."

आणि तिने सगळं सांगितलं, हातवारे करून. पिंपाच्या जागी किटली ठेवली आणि होडीच्या जागी सुरी. सून आधी घाबरली, मग रागावली, मग हसता हसता तिला ठसका लागला. "तुला पोहता येत नाही आई!" एवढं मात्र ती मधे मधे म्हणत राहिली.

"चला आता," शेवटी मुलगा म्हणाला. "संध्याकाळची बस आहे. चौघंही बरोबरच जाऊ."

दोन्ही आयांनी एकमेकींकडे पाहिलं. बाईने नकारार्थी मान हलवली.

"तुम्ही दोघं जा," काकू म्हणाली. "आम्ही उद्या येतो. खोली वाढवून घेऊ. पाहायचं बरंच राहिलंय अजून."

"आम्हीही थांबतो मग?"

"तुमची ऑफिसं नाहीत का?" काकू म्हणाली. "आणि ओली लादी कोण पुसणार?"

मालकिणीने मुलांना पावाची एक गरम पिशवी बांधून दिली. दोघं बस स्टँडकडे निघाली, मागे वळून वळून बघत.

ऊन उतरल्यावर दोघी दीपगृह बघायला गेल्या. आत गोल गोल चढत जाणारा लोखंडी जिना होता. काकू मध्येच थांबली, कठड्याला धरून म्हणाली, "मला नाही चढवत गं पुढे. तू जा वर."

बाईने मान हलवली आणि तिथेच पायरीवर बसली. भिंतीत एक छोटा झरोका होता. त्यातून वारा येत होता आणि खाली बंदर दिसत होतं. मासेमारीच्या होड्या एकामागून एक बाहेर निघाल्या होत्या. काकूने पिशवीतून उरलेला पाव काढला, मधोमध मोडला आणि दोघी त्या होड्या बघत खात बसल्या.